विश्लेषण : पद नाकारले, मान मिळाला! ‘किंग्ज काउन्सेल’चा पहिला मानकरी फ्रान्सिस बेकन कोण होता?

८ सप्टेंबर २०२२ रोजी ब्रिटनच्या राणी दुसऱ्या एलिझाबेथ यांचे निधन झाले आणि त्याच क्षणी तिथल्या शेकडो ज्येष्ठ बॅरिस्टरांच्या नावापुढची अक्षरे बदलली. सकाळी ‘क्यूसी’ म्हणजे क्वीन्स काउन्सेल असलेले वकील संध्याकाळी ‘केसी’ म्हणजे किंग्ज काउन्सेल झाले. कोणी अर्ज केला नाही, कोणाची मुलाखत झाली नाही. चेंबरच्या दारावरच्या पाट्या, लेटरहेड, वेबसाइट यांवर दुरुस्त्या मात्र सगळ्यांनाच कराव्या लागल्या. उच्च न्यायालयाच्या ‘क्वीन्स बेंच’ विभागाचे नावही ‘किंग्ज बेंच’ झाले.

इंग्लंडच्या वकिलीत या दोन अक्षरांना मोठे वजन आहे. ती मिळाली की फी वाढते, मोठी प्रकरणे येतात, न्यायाधीशपदाचा रस्ता जवळचा होतो. पण ही पदवी जिथून सुरू झाली तिथे गुणवत्तेची निवड नव्हती आणि समारंभही नव्हता. पहिला मानकरी कर्जात बुडालेला होता, न्यायालयात फारशी प्रकरणे न लढलेला होता, आणि ज्या दोन सरकारी पदांवर त्याचा डोळा होता ती दोन्ही त्याला नाकारण्यात आली होती. त्याचे नाव फ्रान्सिस बेकन. इंग्रजी साहित्य घेऊन बीए केलेल्यांना तो निबंधकार म्हणून ठाऊक असतो आणि विज्ञानाचा इतिहास वाचणाऱ्यांना प्रयोगनिष्ठ पद्धतीचा पुरस्कर्ता म्हणून. त्याने पोटापाण्यासाठी आयुष्यभर केली ती मात्र वकिली.

केसी म्हणजे नेमके काय?

आधी एक खुलासा. आपल्याकडच्या बातम्यांत हे अनेकदा ‘किंग्ज काउन्सिल’ असे छापले जाते. काउन्सिल म्हणजे परिषद. इथला शब्द काउन्सेल आहे, म्हणजे बाजू मांडणारा वकील. थोडक्यात, राजाचा वकील.

इंग्लंडमध्ये वकिलांचे दोन वर्ग आहेत. पक्षकाराशी बोलणे, कागदपत्रे तयार करणे हे मुख्यतः सॉलिसिटरचे काम. न्यायालयात उभे राहून युक्तिवाद करणे हे मुख्यतः बॅरिस्टरचे. बॅरिस्टरांमध्ये पुन्हा दोन पायऱ्या आहेत. ज्याला केसी मिळाले नाही तो ‘ज्युनियर’, मग त्याचे वय साठ का असेना. ज्याला मिळाले तो रेशमी गाऊन घालतो, म्हणून त्याला बोलीत ‘सिल्क’ म्हणतात आणि पदवी मिळण्याला ‘सिल्क घेणे’. ज्युनियरचा गाऊन साध्या कापडाचा असतो.

फरक कपड्यापुरता नाही. केसी न्यायालयात पुढच्या रांगेत बसतात आणि जुन्या काळी या रांगेला रोकड किंमत होती. तेव्हा न्यायाधीश वकिलांचे अर्ज ज्येष्ठतेच्या क्रमाने ऐकत. पुढच्या मानाच्या वकिलाचे काम सकाळीच उरकायचे, मागच्याचा नंबर लागेपर्यंत दिवस मावळायचा. साहजिकच पक्षकार पुढच्याकडे जात. आधी बोलण्याचा हक्क म्हणजे धंदा, असे ते सरळ गणित होते.

बेकनच्या आधी हा मान ‘सार्जंट ॲट लॉ’ या मंडळींकडे होता. डोक्याला घट्ट बसणारी पांढरी टोपी ही त्यांची खूण, आणि ‘कॉमन प्लीज’ या मोठ्या दिवाणी न्यायालयात युक्तिवाद करण्याची मक्तेदारी ही त्यांची दौलत. राजसत्तेची स्वतःची प्रकरणे पाहायला ॲटर्नी जनरल, सॉलिसिटर जनरल आणि राजाचे सार्जंट असे ठरलेले पदाधिकारी असत. या ठरलेल्या चौकटीबाहेरचा वकील राणीने आपल्या कामाला घेतला तर त्याला काय म्हणायचे? त्यातून ‘काउन्सेल एक्स्ट्राऑर्डिनरी’ हा शब्द आला. इथे एक्स्ट्राऑर्डिनरीचा अर्थ असामान्य असा नाही, नेहमीच्या यादीबाहेरचा एवढाच आहे. बेकन त्या यादीबाहेर कसा राहिला, हे समजायला त्याच्या घरापासून सुरुवात करावी लागते.

मोठ्या घरातला धाकटा मुलगा

बेकनचा जन्म २२ जानेवारी १५६१ रोजी लंडनच्या स्ट्रँड भागातील यॉर्क हाउसमध्ये झाला. वडील सर निकोलस बेकन हे पहिल्या एलिझाबेथ राणीचे लॉर्ड कीपर, म्हणजे राजमुद्रा सांभाळणारे आणि चॅन्सरी न्यायालयाचे प्रमुख. आई ॲन ही त्या काळात ग्रीक-लॅटिन जाणणारी विदुषी. राणीचे सर्वात विश्वासू मंत्री लॉर्ड बर्ली हे मावशीचे यजमान. म्हणजे घरात सत्ता पाणी भरत होती.

बाराव्या वर्षी तो केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गेला. १५७६ मध्ये लंडनच्या ‘ग्रेज इन’मध्ये त्याचे नाव नोंदवले गेले आणि नंतर लगेच इंग्लंडच्या राजदूताबरोबर तो फ्रान्सला गेला. १५७९ च्या फेब्रुवारीत वडील अचानक वारले. धाकट्या मुलासाठी जमीन घ्यायची म्हणून त्यांनी पैसा बाजूला काढला होता, पण खरेदी व्हायच्या आत ते गेले. त्या रकमेचा पाचवा हिस्साच फ्रान्सिसच्या वाट्याला आला. अठराव्या वर्षी त्याच्याकडे उंची राहणीची सवय होती आणि ती भागवण्याची ऐपत नव्हती. पुढच्या आयुष्यातले बरेच काही या विसंगतीत सापडते.

ग्रेज इन हे नाव मराठी वाचकाला परके नाही. लंडनच्या ज्या चार ‘इन्स ऑफ कोर्ट’मधून बॅरिस्टर घडतात त्यातले हे एक. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९१६ मध्ये इथेच प्रवेश घेतला होता. विनायक दामोदर सावरकर हेही इथलेच विद्यार्थी. अभ्यास पूर्ण करूनही १९०९ मध्ये त्यांना बॅरिस्टरीची सनद नाकारण्यात आली. हा निर्णय ज्यांच्या हाती असतो ते इनचे ‘बेंचर’, म्हणजे ज्येष्ठ सभासद. बेकन १५८२ मध्ये बॅरिस्टर झाला आणि १५८६ मध्ये बेंचर. पुढे त्याने इनमध्ये कायद्यावर व्याख्याने दिली, १६०८ मध्ये तो इनचा खजिनदार झाला. तिथल्या बागेची आखणी करण्याचे श्रेयही त्याला दिले जाते.

व्यावसायिक बिरादरीतला हा मान त्याला लवकर आणि विनासायास मिळाला. राजदरबारातला मान मिळेना. १५८९ मध्ये मावशीच्या यजमानांच्या मदतीने स्टार चेंबर न्यायालयाच्या कारकुनी पदाचा वारसाहक्क त्याला मिळाला. वर्षाला सुमारे १,६०० पाउंडांची ती जागा. अट एकच, सध्याचा माणूस गेल्यावर. तो माणूस चांगला ठणठणीत निघाला. बेकनला ती जागा मिळायला १६०८ साल उजाडले. एकोणीस वर्षे वेटिंग लिस्टवर!

एका भाषणाची किंमत

१५८१ पासून बेकन खासदारही होता. १५९३ च्या पार्लमेंटमध्ये तो मिडलसेक्सचा प्रतिनिधी म्हणून बसला होता. स्पेनचा धोका डोक्यावर होता, राणीला युद्धासाठी पैसा हवा होता आणि सरकारने एकदम तीन करांची मागणी ठेवली. बेकनने कराला विरोध केला नाही. वसुली सहा वर्षांत पसरावी, एवढेच त्याचे म्हणणे होते. घाईने वसुली केली तर सरदारांना चांदीची आणि शेतकऱ्यांना पितळेची भांडी विकावी लागतील, अशा आशयाचा त्याचा युक्तिवाद होता. कराची रक्कम ठरवण्यात लॉर्ड्स सभागृहाने दखल देण्यालाही त्याने आक्षेप घेतला.

मुद्दा रास्त होता, वेळ चुकली. राणीला राग आला आणि काही काळ त्याला दरबारात येण्याची बंदी झाली. नेमक्या त्याच सुमारास ॲटर्नी जनरलचे पद रिकामे होणार होते.

बेकनच्या बाजूने उभा राहिला अर्ल ऑफ एसेक्स, राणीचा लाडका तरुण सरदार. त्याने महिनोन्‌महिने राणीकडे रदबदली केली, अगदी तिला वीट येईपर्यंत. समोरचा उमेदवार होता एडवर्ड कोक. बेकनपेक्षा नऊ वर्षांनी मोठा, सॉलिसिटर जनरल म्हणून काम केलेला, कायद्याचा चालताबोलता कोश आणि स्वभावाने फटकळ. बेकनने न्यायालयात पहिले महत्त्वाचे प्रकरण लढवले तेच मुळी १५९४ च्या जानेवारीत, म्हणजे उमेदवारी चालू असताना. एप्रिलमध्ये पद कोकला मिळाले. खरे सांगायचे तर गुणवत्तेच्या निकषावर यात अन्याय झाला असे म्हणता येत नाही.

मग बेकनने कोकच्या रिकाम्या झालेल्या सॉलिसिटर जनरलच्या जागेसाठी प्रयत्न सुरू केले. राणीने ती जागा दीड वर्षाहून अधिक काळ तशीच ठेवली आणि १५९५ च्या नोव्हेंबरमध्ये थॉमस फ्लेमिंग यांना दिली. एसेक्सला आपल्या मित्राची इतकी लाज वाटली की त्याने भरपाई म्हणून ट्विकनहॅमची स्वतःची जमीन बेकनला देऊन टाकली. ती पुढे १,८०० पाउंडांना विकली गेली.

कागद नाही, पगार नाही, शपथही नाही

राणीला बेकन नको होता असे मात्र नाही. त्याची बुद्धी तिला हवी होती, त्याला पद द्यायचे नव्हते. १५९० च्या दशकाच्या मध्यापासून ती त्याला आपल्या कायदेशीर कामांना बोलावू लागली. राजद्रोहाच्या संशयितांची चौकशी, सरकारी जमिनींचे वाद, मसुदे. यातून त्याला राणीचा वकील ही ओळख मिळाली आणि १५९७ हे त्याच्या क्वीन्स काउन्सेल होण्याचे वर्ष मानले जाते. त्याच वर्षी त्याचे ‘एसेज’ हे दहा छोट्या निबंधांचे पुस्तक निघाले.

या नेमणुकीचे स्वरूप बघितले तर आजच्या कंत्राटी कामगारालाही ती ओळखीची वाटेल. राणीच्या तोंडी शब्दापलीकडे काही नव्हते. राजमुद्रेची सनद नाही, ठरलेला पगार नाही, पदाची शपथसुद्धा नाही. मान होता, न्यायालयात इतरांच्या पुढे जागा होती, आणि राणीने बोलावले की हातातले सोडून जावे लागायचे.

या मानाने घर चालत नव्हते. १५९८ च्या सप्टेंबरमध्ये एका सराफाच्या ३०० पाउंडांच्या कर्जापोटी बेकनला रस्त्यात अटक झाली. तेव्हा तो टॉवर ऑफ लंडनमधून राणीच्याच कामावरून परतत होता. राणीच्या सेवेत असलेल्या माणसाला असे धरता येत नाही, अशी तक्रार त्याने वरिष्ठांकडे केली. सावकाराला त्याचे काही वाटले नसावे. राणीचा वकील असल्याचा कागद दाखवायला त्याच्याकडे होताच कुठे?

हीच दुखरी नस कोकने भर न्यायालयात दाबली. १६०१ मध्ये एक्स्चेकर न्यायालयात दोघांची जुंपली. ॲटर्नी जनरल कोकने सर्वांसमोर बेकनचा पाणउतारा केला, त्याच्या अटकेची आठवण काढली आणि तू शपथ घेतलेला वकील नाहीस, तेव्हा राणीच्या कामात नाक खुपसू नकोस, अशा अर्थाचे सुनावले. बेकनने घरी जाऊन या प्रसंगाचा तपशील लिहून काढला आणि मावसभाऊ रॉबर्ट सेसिल याला पाठवला. अपमान झाल्यावर नीट टिपण काढून ठेवणे, हे अस्सल वकिली लक्षण!

मित्राविरुद्ध उभा राहिलेला वकील

बेकनच्या चरित्रातला सर्वात वादग्रस्त प्रसंग याच वर्षातला. आयर्लंडच्या मोहिमेत अपयशी ठरलेला आणि दरबारातून उतरलेला एसेक्स १६०१ च्या फेब्रुवारीत शे-दोनशे माणसे घेऊन लंडनच्या रस्त्यावर उतरला. शहर त्याच्या मागे आले नाही. बंड एका दिवसात फसले. १९ फेब्रुवारीला वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये खटला उभा राहिला. सरकारी बाजूचे नेतृत्व कोककडे होते आणि त्याच्या बाजूला राणीचा वकील म्हणून बेकन उभा होता.

तो नुसता उभा राहिला असता तरी लोकांनी त्याला कदाचित माफ केले असते. कोक रागाच्या भरात भलतीकडे वाहवत जात होता. खटला पुन्हा मूळ मुद्द्यावर आणला तो बेकनने, तोही थंड डोक्याने, दोनदा. एसेक्सचा बचाव त्याने मोडून काढला. २५ फेब्रुवारीला एसेक्सचा शिरच्छेद झाला. नंतर सरकारची बाजू मांडणारी पुस्तिका लिहिण्याचे कामही बेकनकडे आले आणि बंडातल्या एका सहभागी व्यक्तीच्या दंडातून १,२०० पाउंड त्याला मिळाले.

त्याच्या बाजूने काय सांगता येते? राणीचा वकील म्हणवून घेतल्यावर राणीविरुद्धच्या बंडाच्या खटल्यातून अंग काढणे सोपे नव्हते. एसेक्सला त्याने आधी वारंवार सावधही केले होते. १६०४ मध्ये त्याने स्वतःच्या समर्थनार्थ एक पुस्तिकाही छापली. तरीही ट्विकनहॅमची जमीन विसरता येत नाही. हा प्रश्न एकट्या बेकनचा नव्हता, पदवीच्या रचनेतच तो होता. राजाचा वकील ही पदवी घेतली की राजसत्तेविरुद्ध उभे राहता येत नसे. तसे करायचे तर खास परवाना काढावा लागे. ही अट विसाव्या शतकापर्यंत टिकली. १९२० मध्ये सरसकट सूट मिळाली तेव्हा कुठे ती निकालात निघाली.

सनद हाती आली

१६०३ मध्ये एलिझाबेथ गेली आणि स्कॉटलंडचा राजा जेम्स इंग्लंडच्या गादीवर आला. त्याने सरदारकीच्या पदव्या सढळ हाताने वाटल्या. २३ जुलै १६०३ रोजी बेकन ‘सर’ झाला, पण त्या दिवशी आणखी तीनशे जणांबरोबर. एकट्याला मान मिळावा अशी त्याची इच्छा होती, ती गर्दीत विरली.

खरी कमाई पुढच्या वर्षी झाली. १६०४ च्या ऑगस्टमध्ये जेम्सने राजमुद्रेची सनद देऊन त्याला रीतसर आपला वकील नेमले. वर्षाला ४० पाउंडांचे मानधन ठरले आणि वर ६० पाउंडांचे तहहयात पेन्शन. तोंडी मेहेरबानी आता कागदावर आली. राजाच्या वकिलाला सनदेने दर्जा देण्याची पुढची सगळी परंपरा इथून चालते. ते ४० पाउंडांचे मानधनही पुढच्या किंग्ज काउन्सेलांना दोनशेहून अधिक वर्षे मिळत राहिले.

मग मात्र बेकनने जिना भराभर चढला. १६०६ मध्ये लंडनच्या एका श्रीमंत नगरपित्याच्या मुलीशी, ॲलिस बर्नहॅमशी लग्न झाले. तो ४५ वर्षांचा होता आणि ती जेमतेम १४ वर्षांची. १६०७ मध्ये तो सॉलिसिटर जनरल झाला, १६१३ मध्ये ॲटर्नी जनरल. जे पद ३३ व्या वर्षी मागितले ते ५२ व्या वर्षी मिळाले. त्यासाठी त्याने एक खेळी केली होती. कोक तेव्हा कॉमन प्लीजचा मुख्य न्यायाधीश होता. त्याला मानाने मोठ्या पण कमाईने कमी अशा किंग्ज बेंचवर बसवावे, असा सल्ला बेकनने राजाला दिला. कोकने ती बढती चरफडत स्वीकारली.

ॲटर्नी जनरल म्हणून त्याने केलेली सगळीच कामे अभिमानाने सांगण्याजोगी नाहीत. १६१५ मध्ये एडमंड पीचम या वृद्ध धर्मोपदेशकाची राजद्रोहाच्या संशयावरून यातना देऊन चौकशी झाली, तेव्हा चौकशी करणाऱ्यांत बेकन होता. या प्रकरणी न्यायाधीशांचे मत एकेकट्याला गाठून आधीच अजमावावे, ही राजाची पद्धत त्याने राबवली. आक्षेप घेतला तो कोकने. राजाच्या सोयीने निकाल थांबवायला नकार देणाऱ्या या न्यायाधीशाला १६१६ मध्ये पदावरून काढण्यात आले. वकिलीच्या इतिहासात कोकचे नाव आज ज्या आदराने घेतले जाते त्याचे कारण हेच. पंधरा वर्षांपूर्वी बेकनचा पाणउतारा करणारा उद्धट ॲटर्नी जनरलही तोच होता, ही गोष्ट तेवढीच खरी.

१६१७ च्या मार्चमध्ये बेकन लॉर्ड कीपर झाला. वडिलांनी सांभाळलेली राजमुद्रा त्याच्या हाती आली. जांभळ्या साटिनच्या पोशाखात, घोड्यावरून, मोठ्या मिरवणुकीने तो वेस्टमिन्स्टरला गेला आणि काही आठवड्यांत चॅन्सरीतली तुंबलेली प्रकरणे त्याने निकाली काढली. पुढच्या जानेवारीत तो लॉर्ड चॅन्सेलर झाला. दोन्ही पदांचे अधिकार एकच, फरक फक्त मानाचा. वडील शेवटपर्यंत लॉर्ड कीपरच राहिले, मुलाने एक पायरी जास्त गाठली. १६१८ मध्येच तो बॅरन व्हेरुलम झाला. १६२० मध्ये त्याचा ‘नोव्हम ऑर्गनम’ हा ग्रंथ निघाला. निरीक्षण आणि प्रयोगांतून निष्कर्षाकडे जाण्याची जी पद्धत आज शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकात असते तिची मांडणी त्यात आहे. आणि २७ जानेवारी १६२१ रोजी, साठावा वाढदिवस साजरा झाल्यावर पाच दिवसांनी, तो व्हायकाउंट सेंट ऑल्बन झाला. (त्याला सर्रास लॉर्ड बेकन म्हटले जाते. पदवीच्या नियमाने ते चूक आहे, त्याच्या पदव्या व्हेरुलम आणि सेंट ऑल्बन या गावांच्या नावाच्या होत्या.)

पद गेले, पदवी राहिली

तीन दिवसांनी पार्लमेंट भरले. सरकारने वाटलेल्या मक्तेदाऱ्यांवर लोक चिडलेले होते आणि कॉमन्स सभागृहात चौकशीचा आग्रह धरणाऱ्यांत एक वृद्ध खासदार पुढे होता : एडवर्ड कोक.

मार्चमध्ये दोन तक्रारी आल्या. ख्रिस्तोफर ऑब्री नावाच्या पक्षकाराने आपल्या प्रकरणाचा निकाल लवकर लागावा म्हणून १०० पाउंड दिले होते. एडवर्ड एजर्टनने ४०० पाउंड दिले होते. गंमत अशी, की दोघांचेही निकाल त्यांच्या विरोधात गेले होते. पैसे घेऊनही काम न केल्याची ही तक्रार होती! न्यायाधीशांना भेटी देण्याची चाल त्या काळात रूढ होती. भेटीमुळे आपला निकाल कधी झुकला नाही, असे बेकनचे म्हणणे होते, आणि या दोन प्रकरणांपुरते ते पटण्यासारखेही आहे. पण प्रकरण चालू असताना पक्षकाराकडून पैसे घेणे त्या काळच्या हिशेबानेही बसत नव्हते. तक्रारींचा आकडा २८ वर गेला. आजारी बेकनने बचाव न करता दोष कबूल केला.

३ मे १६२१ रोजी लॉर्ड्स सभागृहाने शिक्षा सुनावली. ४०,००० पाउंड दंड, राजाची मर्जी असेपर्यंत टॉवरमध्ये कैद, कोणतेही सरकारी पद भूषवायला कायमची मनाई, पार्लमेंटमध्ये बसायला मनाई, दरबाराच्या परिसरात यायला मनाई. त्याच्या सरदारकीच्या पदव्याही काढून घ्याव्यात का, यावर विचार झाला, पण त्या राहू दिल्या. ज्या माणसाची सुरुवात पदाशिवायच्या मानाने झाली होती तो शेवटी पुन्हा तिथेच आला. व्हायकाउंट तर होता, पण आपल्या सभागृहात बसू शकत नव्हता.

टॉवरमधून काही दिवसांत सुटका झाली, दंडही राजाने त्याच्याच विश्वस्तांकडे वळवून प्रत्यक्षात सोडून दिला. उरलेल्या पाच वर्षांत बेकनने लिहिले. सातव्या हेन्रीचा इतिहास, ज्ञानाच्या शाखांवरचा मोठा लॅटिन ग्रंथ, आणि १६२५ मध्ये निबंधांची अखेरची आवृत्ती. दहा निबंधांचे आता ५८ झाले होते. ईटन शाळेचे प्रमुखपद रिकामे झाले तेव्हा इंग्लंडच्या या माजी लॉर्ड चॅन्सेलरने त्यासाठीही अर्ज केला. ते दुसऱ्याला गेले.

९ एप्रिल १६२६ रोजी लंडनजवळ हायगेट इथे, अर्ल ऑफ अरुंडेलच्या घरी त्याचा मृत्यू झाला. बर्फात मांस किती दिवस टिकते हे पाहण्यासाठी त्याने कोंबडीत बर्फ भरला आणि गारठून आजारी पडला, ही प्रसिद्ध गोष्ट जॉन ऑब्री या चरित्रकाराने नंतर लिहिली. ती शब्दशः खरी मानण्याचे कारण नाही, पण माणसाला शोभणारी आहे. मागे राहिलेले कर्ज २२,००० पाउंडांच्या वर होते. मृत्युपत्रात त्याने बायकोसाठी आधी ठेवलेली तरतूद नंतर रद्द करून टाकली होती.

पदवीचे पुढे काय झाले?

बेकनसाठी काढलेली ही पळवाट पुढे हमरस्ता झाली. किंग्ज काउन्सेलांची संख्या वाढत गेली तसे सार्जंट मागे पडले. १८४६ मध्ये त्यांची कॉमन प्लीजमधली मक्तेदारी संपली, १८७५ मध्ये शेवटचा इंग्लिश सार्जंट नेमला गेला. केसी मात्र टिकले. इंग्लंडमध्ये स्त्रियांना हा दर्जा मिळायला १९४९ साल लागले. हेलेना नॉर्मंटन आणि रोझ हाइलब्रन या पहिल्या दोघी.

निवड मर्जीने होते, ही टीका एलिझाबेथच्या काळापासून एकविसाव्या शतकापर्यंत चालू होती. लॉर्ड चॅन्सेलर न्यायाधीशांकडे खासगीत चौकशी करत आणि नावे ठरत. आपल्याला का नाकारले, हे वकिलाला कळायची सोय नसे. अखेर २००३ मध्ये नेमणुका थांबवल्या गेल्या आणि स्वतंत्र निवड समितीमार्फत झालेली पहिली यादी २००६ मध्ये आली. आता अर्ज, संदर्भ, मुलाखत असा क्रम असतो आणि उमेदवाराने फीही भरायची असते. न्यायालयाबाहेर कायद्यासाठी मोठे काम करणाऱ्या प्राध्यापकांना किंवा सॉलिसिटरांना ‘ऑनररी केसी’ दिले जाते. तो निव्वळ सन्मान, त्याने कोर्टात उभे राहण्याचा अधिकार मिळत नाही.

आपल्याकडे याचा चुलतभाऊ आहे तो ‘सीनियर ॲडव्होकेट’. १९६१ च्या ॲडव्होकेट्स कायद्याच्या कलम १६ नुसार सर्वोच्च न्यायालय किंवा उच्च न्यायालय हा दर्जा देते. इथे राजाचा संबंध नाही, आणि सीनियर ॲडव्होकेट सरकारविरुद्ध मुक्तपणे उभे राहतात. मात्र त्यांना वकीलपत्र दाखल करता येत नाही, पक्षकाराकडून थेट काम घेता येत नाही, दुसऱ्या वकिलामार्फतच यावे लागते. निवडीचा वाद इथेही सुटलेला नाही. ज्येष्ठ वकील इंदिरा जयसिंग यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये गुण देऊन निवड करण्याची पद्धत घालून दिली. मे २०२५ मध्ये न्यायालयाने ती गुणपद्धत रद्द केली आणि उच्च न्यायालयांना नवे नियम करायला सांगितले.